अठ्ठावीस वर्षांची फायबर होडी, तळाला फोड. रंग मारू का थांबू?

लालपरीवाला
१९ ऑक्टोबर, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आमची अठरा फुटी फायबरची होडी आहे. थोरल्या भावाने १९९६ साली घेतली. दाभोळच्या खाडीत, धोपाव्याच्या बाजूला नांगरलेली असते. वीस वर्षं तिने मासे आणले, मग भावाचे गुडघे गेले आणि ती माझ्या गळ्यात पडली. मीही जाळं टाकतो, मासे येत नाहीत एवढंच. संध्याकाळी नातवंडांना घेऊन एक चक्कर, फेरीबोटीच्या लाटेवर दोन हेलकावे, की परत. मागे ९.९ हॉर्सपॉवरचं इंजिन आहे.

मी एसटीत ३१ वर्षं बॉडी शॉपला काढली. पत्रा ठोकणं, लांबी म्हणजे पुट्टी भरणं, पॉलिशपेपर मारणं, रंग. झोपेत सांगा, करून देतो. त्याच गुर्मीत चार वर्षांपूर्वी होडीच्या तळाचे चरे गाडीला भरतात त्या लांबीने बुजवले, वर प्रायमर, वर ऑइलपेंट. नवी नवरी दिसत होती. भाऊ बाजेवरून म्हणाला, "रंग झकास आहे, पण ही बस नाही रे." मी हसण्यावारी नेलं.

परवा कोजागिरीच्या उधाणाला, म्हणजे पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, वर ओढली, उलटी करून माडाच्या ओंडक्यांवर ठेवली. आता दिसतंय ते असं: ऑइलपेंट पापुद्र्यांनी सुटलाय. लांबी भरलेल्या जागा चहात बुडवलेल्या बिस्किटासारख्या झाल्यात, स्क्रूड्रायव्हर टेकवला की आत जातो. आणि पाण्याखाली राहतो त्या सगळ्या भागावर फोड. डाव्या बाजूला ६३ मोजले, उजवीकडे चाळिशीनंतर मोजणं सोडलं. मसुराएवढ्यापासून आठ आण्याएवढे. एक टोचला तर पिचकारी थेट चष्म्यावर. वास व्हिनेगरचा, बोटाला चिकट.

शिवाय होडी जड झालीय. पूर्वी चौघांत यायची, यंदा सहा जण लागले आणि त्यातला एक कंबर धरून घरी गेला.

एका कारागिराने बघून सांगितलं, घासून जेलकोट (फायबरवरचा बाहेरचा रंगीत थर) मारतो, आठ दिवस, पस्तीस हजार. शेजारी म्हणतो डांबर फास. मला शिमग्याच्या उधाणाला ती पाण्यात हवी आहे. पैसे टाकू का स्वतः करू? आणि हे फोड म्हणजे नक्की काय दुखणं आहे?


सुशेगाद
१९ ऑक्टोबर, रात्री ११.१५

काका, एवढा विचार कशाला? ग्राइंडर फिरवा, जेलकोट मारा, मोकळे व्हा. माझी गोव्यात चापोऱ्याला असते, मी तेच करतो. फोड दोन वर्षांनी परत येतात, परत मारायचा. होडी आहे, देवघर नव्हे.


मोल्डवाली
२० ऑक्टोबर, सकाळी ७.३०

सुशेगाददादा, दर दोन वर्षांनी परत येतात यातच उत्तर आलं ना?

लालपरीवाले काका, आमचा मालवणजवळ होड्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक शेड, तीन मोल्ड, सासरे, मी आणि चार पोरं. फोड आलेल्या होड्या दर वर्षी बघते. तुमचा राग येईल पण सांगते: तुमच्या होडीला रंग नकोय, तिला सुकायचंय. रंग हे शेवटच्या दोन दिवसांचं काम आहे.

फोड का येतात ते आधी. बाहेरचा रंगीत थर, जेलकोट, जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. तो पाणी अडवतो असं आपल्याला वाटतं, पण वर्षानुवर्षं पाण्यात ठेवलं की वाफेसारखं थोडं थोडं आत झिरपतंच. आत मॅट म्हणजे काचतंतूंची चटई, आणि तिला घट्ट धरणारं रेझिन. रेझिनमध्ये थोडा माल कच्चा राहिलेला असतो, तो त्या पाण्यात विरघळतो. झालं घट्ट आंबट पाणी. मिठाच्या बरणीला ओल सुटते तसं ते बाहेरचं आणखी पाणी ओढतं, जागा पुरत नाही, मग जेलकोट फुगतो. तुमच्या चष्म्यावर उडालं ते हेच. पुढच्या वेळी डोळ्यांवर गॉगल, चष्मा चालणार नाही.

आता यातली गोम अशी की त्या चिकट पाण्यात ग्लायकॉल असतो. तो उन्हाने उडत नाही. साधं पाणी सुकेल, हा आतच बसेल आणि होडी पाण्यात गेली की परत पाणी ओढायला लागेल. म्हणून आधी धुणं, मग सुकवणं. आठ दिवसांत जेलकोट मारणारा माणूस ओल आत कोंडून वरून झाकण लावतो. तो चोर असेल असं नाही, गिऱ्हाईकच घाई करतं. तुम्हीच शिमगा शिमगा करताय.

रंगाचं बोलण्याआधी तीन गोष्टी तपासा.

एक, ठोकून बघा. फणस पिकलाय का बघतो तसं. स्क्रूड्रायव्हरची मूठ घ्या, वीतभर अंतराने सगळा तळ ठोका. टणक टकटक आली तर ठीक. बद्द आवाज आला तिथे आतले थर सुटलेत, खडूने गोल करा.

दोन, मागची इंजिनाची फळी. फायबरच्या आत तिथे प्लायवूड असतं. आतल्या बाजूने, खालच्या अंगाला सहा मिलिमीटरचं भोक पाडा आणि भुसा बघा. सुका, पिवळट आला तर नशीब. काळा ओला आला तर फोडांआधी ते काम.

तीन, बाकाखालच्या बंद पेट्या. होडी जड झाली ती फोडांमुळे नाही. शंभर फोडांत मिळून पेलाभर पाणी नसेल. दोन माणसांचं वजन दुसरीकडेच लपलंय.

ते बघून लिहा, मग पुढचं. आणि डांबर फासणाऱ्या शेजाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. त्यावर पुढे काहीही चिकटत नाही.


सोलंटकर
२० ऑक्टोबर, दुपारी ४.०५

मी मूळचा अलिबागचा, पंधरा वर्षं साउदॅम्प्टनला. माझी छोटी शिडाची बोट आहे, तिचा तळ दोन हिवाळ्यांपूर्वी असाच केला. मोल्डवालीताईंचं पटलं, एक भर घालतो.

एकदा का तळाला इपॉक्सी (पाणी जास्त अडवणारं वेगळ्या जातीचं रेझिन) लावलं की त्यावर जेलकोट विसरायचा. होडी बनते त्या पॉलिएस्टर रेझिनवर इपॉक्सी घट्ट बसतं, पण इपॉक्सीवर पॉलिएस्टर भरवशाचं बसत नाही, आणि जेलकोट म्हणजे पॉलिएस्टरच. तेव्हा आधी ठरवा. फोडांसाठी पाण्याखाली इपॉक्सीच हवं, चार-पाच हात, सगळे मिळून पाव मिलिमीटरपेक्षा थोडं जास्त. मग वरून रंग.

इथे फोड फार झाले तर सगळा जेलकोट यंत्राने रंध्यासारखा सोलून काढतात. तुम्हीही पाण्याखालचा सगळा काढावा असं माझं मत. ठिगळं लावत बसलं तर राहिलेल्या जागी पुढच्या वर्षी नवे फोड.

बाकी तुमच्याकडच्या उन्हाचा हेवा वाटतो. मी नोव्हेंबर ते एप्रिल ताडपत्रीखाली हीटर लावून बसलो होतो, वीजबिल बघून बायको दोन दिवस बोलली नाही.


मोल्डवाली
२० ऑक्टोबर, संध्याकाळी ६.२०

सगळा सोलायचा हे यंत्र असेल तर ठीक. हातात ग्राइंडर असलेला माणूस अठरा फुटी तळ सोलायला बसला की जेलकोटबरोबर मॅटही खातो, आणि तळ भाताच्या खाचरासारखा होतो. मी म्हणते फोड तेवढे उघडा, बाकी ऐंशी नंबरच्या पेपरने चमक जाईपर्यंत घासा. काकांची होडी दुबईला विकायची नाहीये.


लालपरीवाला
२ नोव्हेंबर, रात्री ८.३०

पाडव्याच्या संध्याकाळी लिहितोय. घरात फराळ, अंगाला खाज.

ठोकून झालं. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, एक ताटाएवढी जागा बद्द वाजते. भाऊ म्हणाला तिथे एकदा खडकाला लागली होती. हे २८ वर्षांत पहिल्यांदा सांगितलं.

बाकाखालची पेटी कापली. आत काय असावं? माशांच्या थर्माकोलच्या पेट्या, तुकडे करून ठासलेल्या. भावानेच कधीतरी "बुडू नये म्हणून" भरलेल्या. सगळ्या पाण्याने फुगलेल्या, पिळल्या तर धार. चार बादल्या पाणी आणि एक जिवंत कुर्ली निघाली. कुर्ली आत शिरली कुठून याचा शोध चालू आहे. होडीचं वजन तिथेच गेलं.

फळीचा भुसा वरच्या अंगाला सुका, खाली वीतभर काळा. म्हणजे ते काम आहेच.

रंग, लांबी सगळं खरवडून काढलं. पहिल्या दिवशी अर्ध्या बाहीच्या शर्टात घासत बसलो. रात्रभर खाजकुयली लागल्यासारखं. बायकोने अंगणातच आंघोळ घातली, घरात घेतलं नाही. आता पूर्ण बाह्या, मनगटाला चिकटपट्टी, तोंडाला मास्क, आणि आंघोळ आधी गार पाण्याने. गरम पाण्याने काचेची कुसं आणखी आत जातात असं इथले लोक म्हणतात. खरं-खोटं माहीत नाही, पण गार पाण्याने बरं वाटलं.

फोड एकूण १४२. सगळे उघडले, कडा बशीसारख्या उतरत्या केल्या. आता धुवू कसे? आणि पेटीत परत थर्माकोल भरून वरून रेझिन ओतलं तर?


मोल्डवाली
३ नोव्हेंबर, सकाळी ७.१०

थर्माकोलवर पॉलिएस्टर रेझिन ओतलंत तर डोळ्यांदेखत विरघळून खड्डा पडेल. त्यातलं स्टायरिन थर्माकोल खातं. पेट्रोलही खातं, आणि होडीत पेट्रोल सांडतंच. पीयू (पॉलियुरेथेन) फोमचे तुकडे बसवा, किंवा सरळ झाकणं पक्की बसणारे प्लास्टिकचे रिकामे कॅन भरा. आणि पेटीला खाली बूच ठेवा. पाणी आत जाणारच, ते बाहेर यायला वाट पाहिजे.

धुणं: विहिरीचं गोडं पाणी, शक्य तितकं गरम, आणि नायलॉनचा ब्रश. प्रत्येक खड्डा. रोज एकदा, आठ-दहा दिवस. खारं पाणी चुकूनही नको. शाळेच्या प्रयोगशाळेतून निळा लिटमस मागून आणा. धुतल्यावर तासाभराने खड्ड्यात थेंबभर पाणी ठेवून कागद टेकवायचा. लाल झाला की उद्या परत धुवायचं.

मग सावली नको, ऊन द्या. पाऊस-दव असेल तेव्हाच वरून ताडपत्री, पण बाजू उघड्या, वारा खेळला पाहिजे. आमच्या कोकणाची गंमत बघा, जून-जुलैमध्ये मासेमारी बंद म्हणून होड्या वर असतात, तेव्हाच सगळे डागडुजी काढतात, आणि तेव्हाच हवा अशी असते की पापडसुद्धा सुकत नाही. तुमचं नशीब की होडी हौसेची आहे, थंडीत रिकामी ठेवू शकता.

सुकली का हे हाताला कळत नाही. हातभर पारदर्शक प्लास्टिक घ्या, चारी बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद चिकटवा, दिवसभर उन्हात ठेवा. आतून थेंब आले तर ओली. पाच-सहा ठिकाणी लावा, दर रविवारी. तारीख खडूने होडीवरच लिहा.


उगाच_एक_शंका
३ नोव्हेंबर, सकाळी ९.००

नाळेकडचा बद्द भाग इंजेक्शनने रेझिन भरून होत नाही का? व्हिडिओत बघितलं होतं.


मोल्डवाली
३ नोव्हेंबर, दुपारी १.४५

व्हिडिओत होतं. आत वाळू, मीठ, ओल असेल तर रेझिन कशाला चिकटणार? सुटलेले थर घासून काढायचे, कडा लांब उतरती करायची. तीन मिलिमीटर जाडीला बारा पट, म्हणजे चारी बाजूंनी साडेतीन सेंटिमीटर तरी. मग मॅटचे तुकडे, मोठ्यापासून लहान किंवा लहानापासून मोठा, यावर आमच्या शेडमध्येच दोन पक्ष आहेत. मी मोठा आधी लावते. ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर साधारण एक मिलिमीटर भरतो.

काका, रेझिन घ्याल तेव्हा एक लक्षात ठेवा, हे गमतीचं नाही. हार्डनर (रेझिन घट्ट करणारा) आणि कोबाल्ट (ते काम लवकर करवणारा) या दोन बाटल्या एकमेकींत थेट कधी ओतायच्या नाहीत, पेट घेतात, फुटतात. आधीच कोबाल्ट घातलेलं रेझिन मागा म्हणजे प्रश्न मिटला. हार्डनर शंभराला एक ते दोन, दुपारच्या उन्हात एकच. तो डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. लगेच पाणी, पंधरा मिनिटं, आणि दवाखाना.


लालपरीवाला
१२ जानेवारी, रात्री ९.१५

भेटलो नाही बरेच दिवस, कारण सांगण्यासारखं काही घडत नव्हतं. होडी सुकत होती. मी रोज जाऊन बघत होतो. बायको म्हणाली, नातवाच्या पाळण्याशीसुद्धा इतका वेळ बसला नव्हतात.

लिटमस अकराव्या दिवशी लाल व्हायचा थांबला. प्लास्टिकची परीक्षा १७ नोव्हेंबरला सुरू केली. सहाच्या सहा जागी थेंब. महिनाभराने चार जागी. नाताळच्या आसपास दोन. गेल्या रविवारी नाळेजवळ एकाच ठिकाणी किंचित धुकं, आणि आज सगळी कोरडी. होडीवर खडूच्या तारखा बघून भाऊ म्हणाला, कैद्याच्या कोठडीची भिंत दिसते.

दरम्यान फळी केली. आतला फायबर कापून कुजलेलं प्लाय छिन्नीने काढलं, शेणासारखं निघालं. आयएस ७१० छाप असलेलं मरीन प्लाय, अठरा मिलिमीटरचे दोन थर, इपॉक्सीत चिकटवून. इंजिनाच्या बोल्टची भोकं मोठी पाडून इपॉक्सीने भरली आणि मधून पुन्हा पाडली, म्हणजे लाकडाला पाणी लागणारच नाही. ही युक्ती सोलंटकरांनी निरोपात सांगितली, त्यांचे आभार.

एक फजिती. पहिल्या दिवशी शहाणपणा करून अर्धा लिटर इपॉक्सी एकदम डब्यात कालवलं. दहा मिनिटांत डबा तापला, धूर निघाला, हातातून टाकला तो कोंबड्यांच्या पाण्यात. डब्यात खोल साचलं की स्वतःच्याच उष्णतेने पेटतं म्हणे. तेव्हापासून पसरट ताटात, थोडं थोडं.

आता सपाटी. इथे मात्र बॉडी शॉप कामाला आला. इपॉक्सीत मायक्रोबलून (पोकळ बारीक मण्यांची पूड) कालवून लांबी केली, खड्डे भरले, दोन फुटी लाकडी पट्टीला पेपर लावून तिरकस हात मारले. वरून काळ्या स्प्रेची धूळ उडवायची आणि घासायचं. काळं राहिलं तिथे खड्डा. तळहात डोळे मिटून फिरवला की डोळ्यांपेक्षा जास्त कळतं. मोल्डवालीताई, भाताचं खाचर नाही झालं.

आता इपॉक्सीचे हात. कंप्रेसर माझ्याकडे आहे. वरच्या भागाला दोन डब्यांचा पीयू रंग फवारून काढू का?


मोल्डवाली
१३ जानेवारी, सकाळी ७.४०

नको. त्या पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारलं की ते धुक्यासारखं फुफ्फुसात जातं, आणि एकदा दमा लागला की आयुष्यभर. साध्या मास्कने अडत नाही, बाहेरून हवा देणारा मुखवटा लागतो. रोलरने लावा. एक जण बारीक फोमच्या रोलरने पातळ हात पसरतो, दुसरा मागोमाग चांगल्या ब्रशच्या टोकाने हलकेच बुडबुडे मोडत जातो. उघड्यावर, वारा पाठीशी. तुमच्यासारख्या हाताला फवाऱ्याइतकंच गुळगुळीत येईल.

इपॉक्सी सकाळी दहानंतर सुरू, तीनला बंद. संध्याकाळचं दव ओल्या थरावर पडलं की मेणासारखा तेलकट पापुद्रा येतो, त्यावर पुढचा हात सुटतो. आला तर थिनर नको, साधं पाणी आणि हिरवा घासणीचा तुकडा. पुढचा हात कधी? बोट टेकवलं तर ठसा उमटतो पण बोटाला लागत नाही, तेव्हा. ती वेळ चुकली तर पूर्ण सुकू द्या आणि पेपर मारून मग लावा.


सोलंटकर
१३ जानेवारी, दुपारी ३.३०

एक हात करडा, एक पांढरा, असे आलटून पालटून लावा. कुठे सुटलं ते लगेच दिसतं.

अँटीफाउलिंग, म्हणजे तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणूनचा रंग, लावणार का? होडी कायम पाण्यात नांगरलेली असेल तर लावा, तांब्याचं. रोज वाळूवर ओढणार असाल तर पैसे वाळूला लावल्यासारखे. आणि पुढे कधी ते घासाल तर कोरडं घासू नका, ती धूळ विषारी असते. पाण्याने भिजवून.


लालपरीवाला
१५ मार्च, रात्री १०.०५

गेली पाण्यात. काल धुळवड, अंगावर गुलाल तसाच होता. शिमग्याचं उधाण, दुपारची भरती, आणि ओढायला चौघंच लागले. कंबर धरून गेलेला माणूस मुद्दाम पाचवा म्हणून उभा राहिला, हात लावला नाही.

तळाला पाच हात इपॉक्सी, करडा-पांढरा. तीन ठिकाणी सुटलेलं खरंच दिसलं. त्यावर विटकरी अँटीफाउलिंग. वरचा भाग ताईंच्या धाकाने पांढरा, गडद रंग उन्हात तापतो म्हणून. पण काठाखाली चार बोटं लाल पट्टा मारलाच, त्यावर बारीक पिवळी रेघ. ओळखणारे ओळखतील. रोलर मी, ब्रश सुनेने. तिचा हात माझ्यापेक्षा हलका निघाला, रांगोळी घालते ना.

खर्च सगळा मिळून कारागिराच्या आकड्याच्या वर गेला, सांगत नाही किती, बायको इथे वाचते.

भावाला खुर्चीसकट होडीत बसवलं. फेरीबोट गेली, दोन हेलकावे बसले. तो तळाकडे बघत बसला होता. म्हटलं काय बघतोस? म्हणाला, "कुर्ली."


मोल्डवाली
१६ मार्च, सकाळी ७.२५

लय भारी, काका. ओहोटीला ती चिखलावर टेकते ना? खालच्या कण्याला घासपट्टी मारलीत की नाही?


लालपरीवाला
१६ मार्च, सकाळी ७.५०

विसरलो. पुढच्या उधाणाला परत वर.